उलटवलेला कोट

९ जानेवारी १८९४, तोरिनो

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली. थोर माणसांच्या दैनंदिन्या त्यांच्या पश्चात सापडतात आणि चरित्रकारांची सोय होते, म्हणून अक्षर नीट काढतो आहे.

तर चरित्रकारासाठी: मी डॉक्टर एर्मेनेजील्दो गारेत्तो, वय छत्तीस, भूमितीचे प्रोफेसर ऑदेनीनो यांचा गेली अकरा वर्षं साहाय्यक. म्हणजे ते फळ्यावर विचार करतात आणि मी फळा पुसतो. येत्या ऑक्टोबरात माझी नेमणूक संपते. दक्षिणेतल्या एका विद्यापीठात भूमितीच्या प्राध्यापकाची जागा रिकामी आहे. उमेदवारांनी छापील प्रबंध ३१ मार्चच्या आत पाचही परीक्षकांना टपालाने धाडायचा आणि एप्रिलात त्यांच्यासमोर व्याख्यान द्यायचं. परीक्षकांची बैठक यंदा आमच्याच शहरात आहे आणि पाचांतले एक खुद्द ऑदेनीनो आहेत. जागा मिळाली तर आयुष्याचं सोनं. नाही मिळाली तर कुठल्याशा आडगावच्या शाळेत मिसरूड न फुटलेल्या पोरांना काटकोन शिकवायचे.

आईने मोन्फेर्रातोतल्या आमच्या गावात ‘जील्दो प्रोफेसर झाला’ असं आधीच सांगून टाकलं आहे. पाद्रीबाबांनी घंटाही वाजवली म्हणे. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

१४ जानेवारी

जेवताना मादामा पेत्रोनिल्लांना माझा सिद्धांत समजावला. त्या घरमालकीण आहेत आणि त्यांची पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, फार उत्तम असते, म्हणून त्यांचं अज्ञान मी मनावर घेत नाही.

“समजा, मादामा, हा टेबलावरचा कपडा तुम्ही हवा तसा ताणला, तिरका केला. अट एवढीच की त्यावरची प्रत्येक सरळ रेष सरळच राहिली पाहिजे. आणि चार ठिकाणी टाचण्या मारल्या, कुठल्याही तीन एका ओळीत येणार नाहीत अशा. तर या कपड्याचा एक धागासुद्धा तसूभर हलू शकत नाही!”

“हलणारच नाही तर ताणायचा कशाला?” त्या म्हणाल्या आणि ताट उचलून घेऊन गेल्या.

कपड्याची गोष्ट तशी जुनीच आहे, सगळ्यांना ठाऊक असलेली. माझी कमाल पुढे आहे. भूमितीत न दिसणारे बिंदूही असतात. वर्तुळाच्या बाहेरून जाणारी रेषासुद्धा वर्तुळाला दोन बिंदूंत छेदतेच. फक्त ते काढून दाखवता येत नाहीत. त्यांना काल्पनिक म्हणतात. ते नेहमी जोडीने येतात, जुळ्या भावंडांसारखे. माझा सिद्धांत असा की चार टाचण्या मारल्या की हे न दिसणारे बिंदूही जागच्या जागी बसतात. हे आजवर कुणी छापलेलं नाही. दिसणाऱ्या बिंदूंसाठी मी तीस पानं खर्ची घातली आहेत आणि न दिसणाऱ्यांसाठी एक वाक्य: ‘काल्पनिक बिंदूंनाही हेच लागू पडतं, हे उघड आहे.’ लिखाणात असा डौल हवा.

२३ जानेवारी

कोट उलटवून आणला. अकरा वर्षांत कोपरं चकाकू लागली होती आणि कॉलरच्या दशा निघाल्या होत्या. अशा कोटात परीक्षकांसमोर उभं राहायचं म्हणजे आधीच हरल्यासारखं. शिंप्याने सगळा कोट उसवला, कापडाची आतली बाजू बाहेर केली आणि पुन्हा तसाच शिवला. कोरा करकरीत दिसतो.

शिंपी म्हणाला, “एकच आहे, डॉक्टर. बटणं आणि छातीवरचा खिसा दुसऱ्या अंगाला गेलाय. त्याला माझा इलाज नाही.”

घरी येऊन आरशात पाहिलं. शिंप्याच्या भिंतीवर रुबाबदार गृहस्थाचं चित्र आहे, त्याचा खिसा जिथे दिसतो नेमका तिथेच आरशातल्या गृहस्थाचाही होता. म्हणजे सगळं ठाकठीक आहे. शिंपी उगाच घाबरवतो. त्याला भूमिती कुठून येणार!

२ फेब्रुवारी

सिन्योरिना ओत्ताविया रोन्कारोलो हिच्याबद्दल लिहायला हवं. चौथ्या वर्षाच्या वर्गातली ती एकटीच मुलगी. तिच्या वडिलांचा शिळाछापखाना आहे. आमच्याकडे प्रोफेसरांची व्याख्यानं कुणीतरी विद्यार्थी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतो, ती दगडावरून छापतात आणि बाकीचे त्यावर परीक्षा देतात. ऑदेनीनोंची व्याख्यानं ही मुलगी उतरवते. अक्षर मोत्यासारखं आहे. माझा प्रबंधही तिनेच लिहायचा आणि तिच्या वडिलांनी छापायचा असं आज ठरलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“कोट नवा वाटतं, डॉक्टर?”

“हो, आहे खरा.”

“छान आहे. फक्त खिसा हृदयापासून फार लांब गेलाय.”

हृदय! मी गंभीर चेहऱ्याने हस्तलिखित तिच्या हाती दिलं. पण छत्तीस वर्षांच्या माणसाला काय ते कळतं.

११ फेब्रुवारी

आज ती वर्ग सुटल्यावर मुद्दाम थांबली. हातात माझी सत्ताविसाव्या पानापर्यंतची नक्कल होती.

“डॉक्टर, ती न दिसणारी जुळी आहेत ना, त्यांच्याबद्दल एक विचारायचंय.”

“विचारा.”

“समजा त्यांनी आपापसात जागा बदलल्या. प्रत्येक जोडीने. याच्या जागी तो, त्याच्या जागी हा. दिसणारे सगळे बिंदू गप्प जागेवर. मग आपल्याला कळणार कसं?”

“जुळी फार द्वाड असतात, सिन्योरिना,” मी हसून म्हणालो, “पण ती वेळ यायची तेव्हा येईल.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग “बरं” म्हणून गेली.

मुलगी अजून बावीस वर्षांची नाही आणि जुळ्यांपर्यंत पोचलीसुद्धा! मला जरा घामच फुटला.

१६ फेब्रुवारी

तिने हेझलनटची दोन चॉकलेटं आणली, एकाच सोनेरी कागदातली. दोन्ही मुठी पाठीमागे नेल्या, काहीतरी केलं, पुढे आणल्या.

“सांगा, अदलाबदल केली की नाही?”

“मला कसं कळणार? आणि फरक तरी काय पडतो?”

“तुमच्या सिद्धांतात पडतो!” ती जवळजवळ ओरडलीच.

मी दोन्ही खाल्ली. लाडाने आणलेल्या वस्तूला नाही म्हणू नये.

२५ फेब्रुवारी

रविवार. पो नदीच्या काठाने लांबवर चालत गेलो आणि शांत डोक्याने विचार केला. माझ्या बाजूने अडचण नाही. मुलगी हुशार आहे, भिवया जरा जाड आहेत, पण चेहऱ्याला शोभतात. हसताना ती आधी खाली बघते आणि मग एकदम वर. हे मी कधी टिपून ठेवलं, मलाच माहीत नाही. मात्र जागा मिळेपर्यंत तिला शब्द द्यायचा नाही. आधी प्रोफेसर, मग नवरा.

६ मार्च

छापखान्यात गेलो. ओत्तावियाचे वडील मोंसू रोन्कारोलो गुडघाभर उंचीच्या दगडांमध्ये उभे होते, हात कोपरापर्यंत काळे. या मनुष्याला गप्पा मारायला दगड पुरत नाहीत.

“या, या! आमच्या धंद्याचं एक लक्षात ठेवा, डॉक्टर. दगडावर सुलटं काढलंत तर कागदावर उलटं येतं. म्हणून मजकूर आम्ही आधी खास कागदावर लिहितो, तो दगडावर दाबतो, तिथे तो उलटा होतो, आणि छापला की पुन्हा सुलटा. दोनदा उलटवलं की होतं तसं. आमच्या ओत्तावियाने हे चार वर्षांची असताना ओळखलं. पोरीने सूपमधली अक्षरांची शेवईसुद्धा उलटी मांडली होती!”

“बाबा, पुरे,” ती म्हणाली. “डॉक्टर, आकृत्यांमधल्या बिंदूंची नावं मी बदलू का? तुम्ही B, C, D अशी दिलीत. मी A, H, I, M, O, T, U, V, X, Y एवढीच वापरते. दिसायला बरी दिसतात.”

“तुमची हौस असेल तर जरूर.”

बायकांना सजावट आवडते. मी आनंदाने परवानगी दिली.

१७ मार्च

आकृत्यांची पानं छापून आली. ओत्तावियाने दोन गठ्ठे पुढे ठेवले.

“हा एक संच आणि हा दुसरा. कुठला पाठवायचा ते तुम्ही नीट पाहून सांगा. नीट हं, डॉक्टर. घाई करू नका.”

मी दोन तास पाहिलं. प्रत्येक रेषा सरळ. जे तीन बिंदू एका रेषेवर हवेत ते एका रेषेवर. जिथे तीन रेषा एकत्र यायला हव्यात तिथे येतात. दोन्ही संचांत तिळमात्र चूक नाही. मग ती दोन्ही संच प्रोफेसरांकडे घेऊन गेली. ऑदेनीनोंनी चष्मा वर करून एकेक पान तपासलं आणि म्हणाले, “दोन्ही निर्दोष. गारेत्तो, तुझ्या आकृत्यांकडे बघून मला तरुण झाल्यासारखं वाटतं.”

ओत्ताविया खाली बघून हसली. मग एकदम वर. मला वाटतं, माझ्या कौतुकाने तिचा ऊर भरून आला असावा.

२८ मार्च

आता काय लिहू? चरित्रकार महाशय, हे पान फाडून टाकलं तरी चालेल.

आज दुपारी पाच प्रती शिवून तयार झाल्या. पत्ते मी स्वतः लिहिले. छापखान्यात मी, ओत्ताविया आणि दगड. मी म्हणालो, “सिन्योरिना, एप्रिलनंतर मला तुमच्याशी एका खाजगी विषयावर बोलायचं आहे.”

“मला आत्ताच बोलायचंय,” ती म्हणाली. मी कोट सारखा केला. ती पुढे झाली. हातात दोन पानं होती, तीच आकृती, दोन संचांतली. तिने दोन्ही खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरली. “या नीट बघा. डावीकडे काय आहे?”

“V.”

“आणि इथे?”

“इथे... V उजवीकडे आहे.”

“दुसरा संच मी सरळ दगडावर काढला. सबंध उलटा छापलाय, आरशात बघितल्यासारखा. अकराच्या अकरा आकृत्या. डावं ते उजवं, उजवं ते डावं. तुम्ही दोन तास पाहिलंत, प्रोफेसरांनी चष्मा वर करून पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं?”

“पण अक्षरं...”

“ही दहा अक्षरं आरशातही तशीच दिसतात. म्हणून तर घेतली.”

मी खुर्ची शोधली. खुर्ची नव्हती, दगडावर बसलो.

“रेष रेषच राहिली की तुम्हा लोकांचं समाधान होतं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “सगळ्या वस्तूंनी आपल्या जोडीदाराशी जागा बदलली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. आता हेच त्या न दिसणाऱ्या जुळ्यांना करायला लावा. प्रत्येक जोडीने जागा बदलायची. दिसणारे बिंदू हलत नाहीत, चारही टाचण्या जागेवर. सरळ रेष सरळच राहते, मी हिशोब करून पाहिलाय, चार ओळींचा आहे. आणि तरी सगळं न दिसणारं जग उलटंपालटं. तुमचा सिद्धांत खोटा आहे, डॉक्टर. तीस पानं खरी आहेत. ते एक वाक्य खोटं आहे.”

‘हे उघड आहे.’

“हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“अकरा फेब्रुवारीपासून. मी विचारलं नव्हतं का? मग चॉकलेटं आणली. तुम्ही दोन्ही खाल्लीत! पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं माणसाने?”

“मला वाटलं की...”

“काय वाटलं?”

“काही नाही.”

तिने काचेवरची पानं उतरवली. मग म्हणाली, “आणि तुमच्या कोटाचा खिसा उजवीकडे आहे. सबंध विद्यापीठाला दोन महिने दिसतोय.”

घरी आलो. आरशासमोर उभं राहून उजवा हात छातीवर ठेवला, तेव्हा आरशातल्या गृहस्थाने डावा हात ठेवला. अकरा वर्षं भूमिती शिकवतो मी.

२९ मार्च

सकाळपासून बाहेर पडलो नाही. जे मनात आलं ते खरंखरं लिहितो.

पहिला विचार: तसंच पाठवावं. ऑदेनीनोंनी दोनदा वाचलंय, त्यांना दिसलं नाही. बाकीचे चौघे व्याख्यानापुरते जागे असतात. ते वाक्य तिसाव्या पानाच्या तळाला आहे, तिथपर्यंत पोचणार कोण? दुसरा विचार: ते वाक्य खोडून टाकावं. मग तीस खरी पानं उरतात, पण ती सगळ्यांना ठाऊक असलेली. अशा प्रबंधाला जागा मिळत नाही. म्हणजे वाक्य ठेवलं तर खोटं, काढलं तर पोकळ.

आईचं पत्र आलं. गावात मेजवानीचा दिवस ठरवायचा आहे, डुक्कर कधी कापायचं विचारते.

काल मी निघालो तेव्हा ओत्ताविया म्हणाली होती, “मी कुणाला सांगणार नाही. तुमचा प्रबंध आहे, तुम्ही बघा.” हेच तिने म्हणायला नको होतं. धमकी दिली असती तर मी भांडलो असतो आणि रागाच्या भरात पाकिटं टपालात टाकून आलो असतो. आता कुणावर रागवू?

आणि हेही लिहितो. सिद्धांत गेला याचं जेवढं वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाहीये. ती फेब्रुवारीभर माझ्यासाठी थांबत नव्हती, चुकीसाठी थांबत होती, याचं जास्त वाटतंय.

३० मार्च

सकाळी आठ वाजता छापखान्यात गेलो. ओत्ताविया दगड घासत होती.

“एकतिसावं पान जोडायचंय,” मी म्हणालो. “लिहून घ्या.”

तिने हात पुसले, लेखणी घेतली. मी सांगत गेलो: ‘मागील पानावरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. त्याचा पुरावा पुढीलप्रमाणे. तो सिन्योरिना ओत्ताविया रोन्कारोलो यांचा आहे.’

लेखणी थांबली.

“माझं नाव नका घालू. विद्यार्थिनीने चूक काढली म्हणतील. तुमचं हसं होईल.”

“हसं तर कोटाचं झालंच आहे. लिहा. पुढच्या चार ओळी तुमच्या तुम्ही लिहा, मला नीट येणार नाहीत.”

तिने लिहिल्या. मोंसू रोन्कारोलोंनी पान दगडावर दाबलं, उचललं, छापलं. बारा वाजता पाच पाकिटं टपालात पडली. मोंसू माझ्या पाठीवर काळा हात थोपटत म्हणाले, “डॉक्टर, आज जेवायला या. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारा माणूस आमच्या धंद्याला फार जवळचा.” पाठीवर पाच बोटं उमटली ती उमटलीच. मी जेवायला गेलो. मांस भरलेल्या अन्योलोत्ती होत्या.

१९ एप्रिल

व्याख्यान झालं.

पाच परीक्षक एका रांगेत. विद्यार्थी मागे दाटीवाटीने; बातमी फुटली होतीच. खडू उचलला. काय बोलायचं ते सगळं पाठ होतं, एक शब्द आठवेना. मग मी कोट काढला आणि टेबलावर पसरला.

“सभ्य गृहस्थहो, हा माझा कोट. जानेवारीत उलटवून शिवून घेतलाय. जी शिवण जिला मिळत होती तिलाच मिळते. जे धागे सरळ होते ते सरळच आहेत. घालणारा माणूस तोच. एकाही शिवणीकडे बोट दाखवून तुम्ही म्हणू शकणार नाही की ही चुकली. आणि तरीही आतलं सगळं बाहेर आलेलं आहे. मी आरशात बघून ठरवलं होतं की काहीच बदललेलं नाही. माझ्या प्रबंधाचं तिसावं पान मी असंच लिहिलं. आता एकतिसाव्या पानाबद्दल बोलतो.”

मागे हशा पिकला. पण पुढच्या रांगेत कुणी हसलं नाही. मी पाहिलं तर पाचांपैकी तिघांचे हात हळूच आपापल्या छातीवरच्या खिशाकडे गेले होते, आणि खिसे उजवीकडे होते. त्यात प्रोफेसर ऑदेनीनोही होते. अकरा वर्षं रोज समोर बसतो त्यांच्या!

नंतर पाऊण तास बोललो. इतकं चांगलं मी आयुष्यात बोललेलो नाही, कारण काही लपवायचं नव्हतं.

२२ एप्रिल

निकाल. मी दुसरा. समितीचा अभिप्राय इथे उतरवून ठेवतो: ‘डॉक्टर गारेत्तो यांच्या प्रबंधाची पहिली तीस पानं नेटकी आहेत, परंतु त्यात नवीन काही नाही. एकतिसावं पान अत्यंत मौलिक आहे. त्या पानाची लेखिका उमेदवार नसल्याबद्दल समितीला खेद वाटतो.’

मी हे तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा हसू आलं. मग दार लावून थोडा रडलो. आईला अजून कळवलेलं नाही.

७ जुलै

ओत्ताविया पदवीधर झाली, पैकीच्या पैकी गुण आणि वर शाबासकी. प्रबंधाचा विषय: जुळ्यांची अदलाबदल करणारी रूपांतरं. ऑक्टोबरपासून ऑदेनीनोंची साहाय्यक तीच. म्हणजे माझा फळा आता ती पुसणार. मी तिला ओला फडका कुठे ठेवतो ते दाखवलं.

“तुम्ही रागावला नाहीत ना, डॉक्टर?”

“माझी नेमणूक तशीही संपतच होती. आणि तुमच्याहून योग्य कोण आहे?”

“ते नव्हतं विचारलं मी,” ती म्हणाली. मग काय विचारलं होतं, ते विचारायच्या आत ऑदेनीनो आले.

३ ऑक्टोबर, मोंदोवी

इथल्या तांत्रिक शाळेत रुजू झालो. चाळीस पोरं, काटकोन, शेगडी धूर करते.

आईला सगळं खरं लिहिलं होतं. तिचं उत्तर आज आलं: ‘पण शाळेतल्या मास्तरांनाही प्रोफेसरच म्हणतात ना? मग मी काय खोटं बोलले? डुक्कर कापलं. तुझ्या वाटणीचं सॉसेज पाठवते.’ सकाळी वर्गात शिरलो तेव्हा चाळीसही पोरं उठून ओरडली होती, “नमस्कार, प्रोफेसर!” आपल्याकडे सगळ्या मास्तरांना प्रोफेसर म्हणतात, हे नऊ महिने माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाद्रीबाबांची घंटा वाया गेली नाही.

१८ नोव्हेंबर

रविवार. अकराच्या गाडीने सिन्योरिना रोन्कारोलो आली! म्हणाली, एक शंका आहे, पत्रात नीट मांडता येईना.

मी तिला स्टेशनाजवळच्या उपाहारगृहात नेलं. शंका अशी होती: चार टाचण्या मारल्या आणि न दिसणाऱ्या जुळ्यांनी जागा बदलल्या, तर दिसणारे बिंदू हलतील का? मी चकित झालो. हे तर एकतिसाव्या पानावरचंच, तिचं स्वतःचं! साहाय्यकपदाच्या कामाने मुलगी थकलेली दिसते. मी पहिल्यापासून सावकाश समजावून सांगितलं. ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. मध्येच “पुन्हा सांगा” म्हणाली, मी पुन्हा सांगितलं. एकदा खाली बघून हसली, मग वर. दीडची गाडी चुकली. चारची पण चुकली. ऑदेनीनोंचा सगळा अभ्यासक्रम चालवणाऱ्या मुलीला गाड्यांचं वेळापत्रक वाचता येऊ नये, याचं नवल वाटतं.

फेब्रुवारीतला मी असतो तर काय काय समजलो असतो! पण दुधाने तोंड पोळलेला माणूस मी, आता ताकही फुंकून पितो. तिला भूमितीचीच शंका असते, हे मी एकदा चांगलंच शिकलो आहे.

सहाच्या गाडीत बसताना तिने माझा कोट पाहिला. “अजून हाच?”

“शिंपी पुन्हा उलटवून देतो म्हणाला. दोनदा उलटवलं की होतं तसं होतं. पण मी नको म्हटलं.”

“नकोच,” ती म्हणाली आणि माझ्या उजवीकडच्या खिशात काहीतरी टाकलं. “दोन आहेत. या वेळी दोन्ही खाऊ नका. एक माझं. पुढच्या रविवारी येऊन घेईन.”

“पुढच्या रविवारीही शंका आहे?”

“खूप आहेत,” ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

घरी येऊन दोन्ही चॉकलेटं टेबलावर ठेवली. सोनेरी कागद तोच, आकार तोच. एक खाल्लं. दुसरं तिचं म्हणून खिडकीत, थंडीत ठेवलं आहे. पण तिचं नेमकं कुठलं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं. आता रविवारपर्यंत जिवाला घोर.